‘द हँडमेड्स टेल’ : नायिका काहीच का करत नाही, आणि शेवटचे प्रकरण गाळावे का?

पानगळ (धागाकर्ती)

नाशिकला आमचा अकरा जणींचा वाचनगट आहे. दर दोन महिन्यांनी एक पुस्तक सर्वांनी वाचायचे आणि मग कोणाच्या तरी घरी जमून त्यावर बोलायचे, असा आमचा परिपाठ आहे. या खेपेस मार्गारेट अ‍ॅटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’ ही १९८५ सालची कादंबरी मी सुचवली, त्यामुळे तिच्याविषयीची सगळी गाऱ्हाणीही आता माझ्याच वाट्याला आली आहेत.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतले सरकार उलथवून एका धर्मांध गटाने ‘गिलियड’ नावाचे राज्य स्थापन केले आहे. जन्मदर घसरला असल्यामुळे ज्या थोड्या स्त्रियांना मूल होऊ शकते त्यांना सत्ताधीशांच्या घरी दासी म्हणून ठेवले जाते, आणि मूल होत नसलेल्या राहेलने आपली दासी बिल्हा नवऱ्याला दिली या बायबलमधल्या कथेचा या व्यवस्थेला आधार दिला जातो. दासींनी लाल झगा घालायचा, वाचायचे नाही, लिहायचे नाही, आणि ज्या ‘कमांडर’च्या घरी नेमणूक झाली असेल त्याचेच नाव धारण करायचे. निवेदिका ‘ऑफ्रेड’ आहे, म्हणजे फ्रेडची. तिचे खरे नाव पुस्तकात कुठेही सांगितलेले नाही.

आमच्यातल्या पाच जणींनी पुस्तक अर्ध्यावर ठेवले आहे. त्यांची तक्रार अशी की ही बाई काहीच करत नाही. खिडकीत बसते, छताकडे पाहते, बाजारातून कोंबडी घेऊन येते, जुन्या दिवसांच्या आठवणी काढते, आणि पळून जाण्याची किंवा कोणाला इजा करण्याची संधी समोर आली तरी विचार करत राहते. आमच्या एका मैत्रिणीने तर स्पष्टच विचारले की इतके सोसूनही जिला राग येत नाही तिची गोष्ट तीनशे पाने का ऐकायची. त्या वेळी मला पटण्यासारखे उत्तर देता आले नाही.

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे. कथा संपल्यावर ‘ऐतिहासिक टिपणे’ नावाचा एक भाग येतो, ज्यात २१९५ सालच्या एका परिषदेत एक प्राध्यापक या कथेवर व्याख्यान देतात. तो भाग वाचताना मला कमालीचा राग आला. इतक्या जवळून ऐकलेला आवाज संपतो न संपतो तोच कोणीतरी व्यासपीठावर उभे राहून विनोद करतो आणि सभागृह हसते. हा लेखिकेचा तोल गेला आहे, की मीच काही चुकीचे वाचते आहे? गटाला हा भाग गाळायला सांगावा का, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

दक्षिणायन

पुस्तक मीही अर्ध्यावरच सोडले, त्यामुळे आपल्या पाच मैत्रिणींशी मी सहमत आहे. माझा आक्षेप मात्र थोडा वेगळा आहे. एखाद्या प्रगत देशात काही महिन्यांत इतके सगळे उलटेपालटे होईल हे मला पटत नाही, आणि ज्या कल्पनेवर विश्वास बसत नाही तिची भीतीही वाटत नाही. वेळ नसेल तर २०१७ साली सुरू झालेली मालिका पाहावी. तिच्यातली नायिका निदान हातपाय तरी हलवते.

जुनी वही

पानगळताई, आपल्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी दक्षिणायन यांच्या आक्षेपाविषयी लिहितो, कारण तो बहुतेक वाचकांच्या मनात असतो. अ‍ॅटवुड यांनी ही कादंबरी १९८४ साली पश्चिम बर्लिनमध्ये लिहायला घेतली, त्या वेळी शहराभोवतीची भिंत उभी होती, आणि लिहिताना त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता : मानवी इतिहासात कुठे ना कुठे जे घडून गेलेले नाही असे काहीही पुस्तकात घालायचे नाही. त्या वेळी रुमानियात चाउशेस्कू यांची राजवट होती, आणि तिथे १९६६ च्या ७७० क्रमांकाच्या हुकुमाने गर्भपातावर जवळजवळ सरसकट बंदी आली होती. पुढे कारखान्यांमधून कामगार स्त्रियांची तपासणी करून कोणाला दिवस गेले आहेत याची नोंद ठेवण्यापर्यंत मजल गेली. तो हुकूम १९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळल्यावरच रद्द झाला. अर्जेंटिनात १९७६ च्या लष्करी उठावानंतर कैदेत बाळंत झालेल्या स्त्रियांची मुले काढून घेऊन मर्जीतल्या कुटुंबांना दिली गेली. आपल्याकडेही १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते, ज्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. तिथे दिशा उलटी होती आणि रोख बराचसा पुरुषांवर होता, परंतु मुले किती व्हावीत हे सरकारने ठरवायचे, हा विचार तोच होता. ‘असे होणे शक्य नाही’ हा आक्षेप म्हणूनच या पुस्तकाला फारसा लागू पडत नाही.

आता आपल्या मैत्रिणींच्या तक्रारीकडे येतो. ती तक्रार अर्धी खरी आहे असे मला वाटते. ऑफ्रेड वीरांगना नाही आणि लेखिकेने तिला तसे होऊ दिलेले नाही. तिची बाजारातली जोडीदारीण गुप्त संघटनेत असते आणि ती ऑफ्रेडला कमांडरच्या कागदपत्रांवर नजर ठेवायला सांगते. ऑफ्रेड ते करत नाही. पुढे चालक निकशी तिचे संबंध जुळल्यावर तर ती सरळ कबूल करते की आता तिला सीमा ओलांडून जाण्याचीही इच्छा उरलेली नाही, तिला इथेच, त्याच्याजवळ राहायचे आहे. पहिल्यांदा वाचताना या कबुलीने मी खट्टू झालो होतो. दुसऱ्या वाचनात मात्र असे वाटले की पुस्तकातली सर्वांत धाडसाची जागा कदाचित हीच असावी, कारण स्वतःची गोष्ट सांगणारा माणूस सहसा स्वतःला इतक्या कमी मोलाचा दाखवत नाही.

तरीही ‘ती काहीच करत नाही’ हे विधान मला मान्य नाही. दासींना तोंडाला लावायला कसलेही मलम मिळत नाही, कारण त्यांचे शरीर दिसण्यासाठी नसून उपयोगासाठी आहे असे राज्याचे मत आहे. ऑफ्रेड जेवणाच्या ताटातली लोण्याची छोटी वडी उचलून कागदाच्या रुमालात गुंडाळते, उजव्या बुटाच्या चवड्यात लपवते आणि रात्री दार लावल्यावर ते लोणी चेहऱ्याला आणि हातांना चोळते. लोण्याचा वास राहतो, ते खवट होते, पण जोवर आपण हे करतो आहोत तोवर कधीतरी आपण इथून बाहेर पडू आणि आपल्याला पुन्हा कोणी प्रेमाने स्पर्श करील यावर विश्वास ठेवता येतो, असा तिचा हिशेब आहे. चोरी आहे, नियमभंग आहे, आणि पकडली गेली तर शिक्षाही आहे. फक्त ती इतकी लहान आहे की आपण तिला कृती म्हणायला तयार होत नाही. आपल्या मैत्रिणींनी पुस्तक जिथे ठेवले त्याच्या आधीच हा प्रसंग येऊन गेलेला असणार.

आणखी एक सुचवतो. पुस्तकाचे पंधरा भाग आहेत, त्यांपैकी सात भागांचे शीर्षक ‘रात्र’ असेच आहे आणि एकाचे ‘दुपारची झोप’. दिवसाच्या भागांत ती राज्याच्या ताब्यात असते; रात्रीच्या भागांत वेळ तिचा असतो आणि म्हणून भाषाही वेगळी होते, शब्दांशी खेळते, एकाच शब्दाचे चार अर्थ उलगडत बसते. तिच्या खोलीत वाचण्यासारखी एकच वस्तू शिल्लक आहे, ती म्हणजे ‘श्रद्धा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द भरतकामाने विणलेली एक उशी. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे काढून तिथे चित्रे रंगवलेली आहेत. अशा बाईला कमांडर एका रात्री लपूनछपून आपल्या अभ्यासिकेत बोलावतो, आपल्यासमोर काय वाढून ठेवले आहे या धास्तीने ती जाते, आणि त्याला हवे असते ते तिच्याशी स्क्रॅबल हा अक्षरे जुळवून शब्द करण्याचा खेळ खेळणे! त्या अक्षरांच्या गुळगुळीत चौकटी तिला पेपरमिंटच्या गोळ्यांसारख्या वाटतात आणि तोंडात टाकाव्याशा वाटतात. घटनांचा वेग शोधत गेलो तर हे पुस्तक रटाळ वाटेल. अक्षरांची भूक कशी असते हे शोधत वाचले तर ते खाली ठेवणे अवघड जाते.

रोखपाल

मी साहित्याची अभ्यासक नाही. सव्वीस वर्षे एका सहकारी बँकेत नोकरी करून निवृत्त झाले आहे, आणि हे पुस्तक मुलीच्या आग्रहावरून वाचले. मला ज्या प्रसंगाने खरोखर झोप लागू दिली नाही त्यात ना लाल झगा आहे ना भिंतीवर लटकवलेली प्रेते. निवेदिका कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते, दुकानदार तिचा खातेक्रमांक यंत्रात टाकतो आणि तो चालत नाही, इतकाच तो प्रसंग आहे. ती म्हणते की खात्यात पैसे आहेत, पुन्हा टाकून पाहा. तो पुन्हा टाकतो आणि पुन्हा तेच होते. त्याच दिवशी ग्रंथालयातली तिची नोकरी जाते, आणि संध्याकाळी मैत्रीण येऊन सांगते की ज्या खात्यांवर स्त्री अशी नोंद आहे ती सगळी गोठवली गेली आहेत आणि पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या ताब्यात जाणार आहेत.

‘खाते गोठवणे’ हे आमच्या रोजच्या बोलण्यातले क्रियापद होते. न्यायालयाचा किंवा आयकर खात्याचा आदेश आला की पडद्यावर खातेक्रमांक टाकायचा, कारणाचा संकेतांक निवडायचा, एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची. चहा गार होण्याच्या आत काम संपते. खातेदाराला ते कळते ते पेट्रोल पंपावर किंवा किराणा दुकानात. प्रत्येक ग्राहकाच्या नोंदीत लिंगाचा रकाना असतोच आणि त्यावरून यादी काढणे हे तर नवख्या कारकुनालाही येते. महिला खातेदारांची आकडेवारी वर पाठवायची म्हणून मी स्वतः अशा याद्या अनेकदा काढल्या आहेत. अ‍ॅटवुड यांनी हे १९८५ साली लिहिले, म्हणजे आमच्या शाखेत अजून जाडजूड खातेवह्या होत्या तेव्हा. अमेरिकेतही स्त्रीला केवळ स्त्री म्हणून किंवा विवाहित म्हणून कर्ज नाकारण्यास मनाई करणारा कायदा १९७४ साली झाला होता, त्यामुळे तिथल्या तेव्हाच्या वाचक स्त्रियांना नवऱ्याच्या सहीशिवाय अडलेले दिवस चांगले आठवत असणार.

दक्षिणायनदादा, आपण जे काही महिन्यांत होणे अशक्य म्हणता ते एका दुपारी होऊ शकते. त्या प्रसंगात मला सर्वांत जास्त लागले ते नवऱ्याचे वागणे. ल्यूक वाईट माणूस नाही. तो तिला जवळ घेऊन म्हणतो की काळजी करू नकोस, मी तुला नेहमीच सांभाळीन. आणि रात्री तिच्या मनात येते की याला यात फारसे काही वाईट वाटलेले दिसत नाही. मी ते पान वाचून चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. निवृत्तीनंतर माझे एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात असते, हे इथे सांगत बसत नाही.

उंबरठा

पुस्तकाचे कौतुक चालू आहे ते योग्यच आहे, तथापि एक मोठी फट दिसते ती नोंदवणे मला आवश्यक वाटते. स्त्रियांना वाचायला शिकवणे गुन्हा ठरवणे, मालकाच्या नावाने त्यांना ओळखणे, त्यांची मुले काढून घेणे आणि पळून जाणाऱ्यांसाठी गुप्त मार्ग असणे, हे सगळे अमेरिकेत प्रत्यक्ष घडले ते गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या बाबतीत. व्हर्जिनियासारख्या राज्यात कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी जमण्यावर १८३१ पासून कायद्याने बंदी होती. कादंबरीत मात्र कृष्णवर्णीयांना ‘हामची लेकरे’ (हाम हा बायबलमधल्या नोहाचा मुलगा) म्हणून नॉर्थ डकोटाकडे हलवले जात असल्याची एक ओझरती बातमी दूरदर्शनवर दिसते आणि विषय तिथेच संपतो. त्यांचा इतिहास घेतला आणि माणसे वगळली, अशी टीका या पुस्तकावर गेली अनेक वर्षे होत आली आहे, आणि माझ्या मते तिला समाधानकारक उत्तर नाही. ‘घडलेलेच घालायचे’ हा नियम कोणावर घडलेले, हा प्रश्न सोडवत नाही.

याला जोडूनच एक गोष्ट सांगते. त्या घरात रिटा आणि कोरा या दोन ‘मार्था’ आहेत, हिरव्या कपड्यांतल्या, स्वयंपाक आणि झाडलोट करणाऱ्या. ऑफ्रेडला त्यांच्या स्वयंपाकघरात बसून दोन शब्द बोलावेसे वाटते, पण त्यांचे पूर्वायुष्य काय, त्यांची मुले कुठे गेली, हे ती कधी विचारत नाही आणि म्हणून आपल्यालाही कळत नाही. ज्यांच्या घरी दोन वेळा कामाला बाई येते अशा आपण वाचकांनी ही जागा घाईने ओलांडू नये. पुस्तक वाचू नये असे मी म्हणत नाही. पानगळताई, आपल्या गटात या मुद्द्यावर अर्धा तास राखून ठेवावा इतकेच सुचवते.

सांजवात

शेवटच्या भागाविषयी अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. तो भाग कृपया गाळू नका. आपल्याला जो राग आला तो लेखिकेला अपेक्षित असावा, कारण तो भाग तसाच बेतलेला आहे.

परिषदेत काय काय होते ते पुन्हा पाहावे. आधी सूचना दिल्या जातात, त्यांत मासेमारीच्या सहलीची आहे आणि त्या काळचे पोशाख घालून मोकळ्या हवेत गाणी म्हणण्याच्या कार्यक्रमाचीही आहे. ज्या झग्यात ती बाई घुसमटली तो आता हौसेचा पोशाख झाला आहे. मग प्राध्यापक पीशोटो येतात आणि पुस्तकाच्या नावावरच एक अश्लील कोटी सांगतात. गिलियडला नैतिक निकष लावण्याची घाई करू नये, आपले काम दोष देण्याचे नसून समजून घेण्याचे आहे, असे ते म्हणतात आणि टाळ्या पडतात. त्यानंतर कळते की आपण जे वाचले ते लिखाण नव्हतेच. मेन राज्यातल्या बँगोर गावी एका पत्र्याच्या पेटीत सुमारे तीस ध्वनिफिती सापडल्या, प्रत्येकीच्या सुरुवातीला संशय येऊ नये म्हणून दोन-तीन गाणी होती, आणि त्यांचा क्रम या प्राध्यापकांनी आपल्या एका सहकाऱ्यासह अंदाजाने लावला आहे. म्हणजे आपण इतका वेळ ज्या ओघाने तिला ऐकत होतो तो ओघसुद्धा तिचा होता की नाही हे सांगता येत नाही. ज्या स्त्रीला लेखणी धरण्याची मनाई होती तिने बोलून ठेवले, आणि ते कागदावर उतरवताना पुन्हा दोन पुरुषांनी मांडणी केली.

खरी मेख मात्र पुढे आहे. व्याख्यानाचा बराच मोठा भाग ती कोण होती यावर खर्च होत नाही, तर ‘फ्रेड’ कोण होता यावर खर्च होतो. वॉटरफर्ड की जड, अशा दोन नावांची छाननी चालते. प्राध्यापकांना हळहळ वाटते ती कशाची, तर कमांडरच्या संगणकातली वीस पाने तरी हाती लागायला हवी होती याची. तिने आपल्या बोलण्यात जे दिले त्याचे त्यांना फारसे मोल नाही. दोनशे वर्षांनंतर, गिलियड मातीला मिळाल्यावर, स्वतंत्र विद्यापीठातल्या विद्वानांसाठीसुद्धा ती फ्रेडचीच राहते. वाचकांपैकी अनेकांनी पहिल्या प्रकरणातल्या नावांवरून तिचे नाव ‘जून’ असावे असे ताडले आहे आणि अ‍ॅटवुड यांनी, आपल्या मनात तसे मुळात नव्हते तरी वाचकांनी ते खुशाल घ्यावे, असे म्हटले आहे. मी ते घेत नाही. मला ती बिननावाचीच बरी वाटते.

‘फ्रेडची’ हा शब्द मराठी वाचकाला फार लवकर कळतो, कारण आपल्या षष्ठीच्या प्रत्ययात तो आयताच बसतो. लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे आणि काहींनी भोगली आहे. माझ्या आजीला आम्ही सगळे ज्या नावाने ओळखत होतो ते सासरचे होते. ती गेल्यावर माळ्यावरची भांडी काढताना एक पितळी तांब्या निघाला, त्याच्या गळ्याशी ठोक्यांनी कोरलेले एक बाईचे नाव होते आणि खाली ‘हिस आत्याकडून’ असे होते. ते नाव आमच्या घरात कोणाचेच नव्हते. दोन दिवस आम्ही तो तांब्या शेजारच्यांचा असेल म्हणून विचारत फिरलो. शेवटी गावाकडच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकाने दूरध्वनीवर सांगितले की ते तिचे माहेरचे नाव. ऑफ्रेडला कपाटाच्या तळाशी आधीच्या दासीने नखाने की टाचणीने कोरलेली मोडक्या लॅटिनमधली ओळ सापडते, ते पान मी या तांब्यानंतर वाचले, आणि पुढे बराच वेळ वाचू शकले नाही.

दक्षिणायन

रोखपालताई, आपला मुद्दा मान्य करतो. पुस्तक पुन्हा उघडले आहे. लोण्यापर्यंत पोहोचलो.

पानगळ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी गटाला कळवले आहे की शेवटचा भाग वगळायचा नाही. तो आम्ही घरी न वाचता बैठकीत मोठ्याने वाचणार आहोत, आणि प्राध्यापकांचे व्याख्यान वाचण्याचे काम ज्या मैत्रिणीने रागाचा प्रश्न विचारला होता तिलाच दिले आहे. कंसातले हशे आणि टाळ्या बाकीच्यांनी द्यायच्या आहेत. तेव्हा हसू येते का ते पाहू. उंबरठाताईंनी सुचवलेला अर्धा तास मी आधी ठेवला आहे, नंतर ठेवला तर तो चहात जाईल हे अनुभवाने ठाऊक आहे.

सांजवातताई, एक विचारू का? त्या तांब्यावर नाव काय होते?

सांजवात

ते इथे लिहीत नाही, ताई. आजीने जिवंत असताना ते आम्हाला कधी सांगितले नव्हते, तेव्हा अनोळखी माणसांत मी ते सांगणे तिला आवडले असते की नाही, हे मला ठरवता येत नाही. तांब्या मात्र आता माळ्यावर नाही. माझी मुलगी रोज रात्री तो पाणी भरून उशाशी ठेवते.